आई घणावर बसलीय

हॅलो?

… वाळू पुन्हा एकदा चाळून घ्या, खडे हायत तिच्यात…

… सायकलच्या तारा नको, गंजल्या त्या. सळई घ्या, बारकी…

… चहा आधी आईला…

… अंगठा आतल्या बाजूला, मामा. आतल्या…

… नागेशला म्हणावं बस लिंबाखाली, ऊन लागंल…

हॅलो? हॅलो… दादा का? जयभीम, जयभीम. हो, रोहिणीच बोलायले. आवाज घुमायलाय ना? विहारात आहे मी, आत, म्हणून.

शाळा? रजा टाकली. पहिल्या गाडीनं निघाले मानवतहून, सोनपेठला बदलली… हो, गावातच. तू पुण्याहून फोन लावायलास, मी गावातून बोलायले, त्यात एवढं काय.

नाही, नाही, तुला नाही म्हणाले अंगठा. बन्सीधरमामाला म्हणाले… अरे बन्सीधर गवंडी. बाबांच्या हाताखाली होता तो… हां, तोच, तंबाखूवाला. माल कालवायलाय.

माल म्हणजे सिमेंट-वाळू, दादा. गवंड्याच्या पोरानं विचारावं का हे?

थांब, दमानं. एक एक विचार.

नागेशचा फोन आला तुला. येणारच. टेम्पो लिंबाखाली उभा आहे. तुझी नवी मूर्ती ताडपत्रीत नीट आहे, ओरखडासुद्धा नाही. नागेशला चहा दिला, पोहे दिले… अडवलं? कुणी अडवलं? दार सताड उघडं आहे. ये म्हणावं आत.

… हां. घण सापडत नाही म्हणाला, ते खरंय.

कारण आई घणावर बसलीय.

अरे बसली म्हणजे बसली. घण आडवा पडला होता, तिनं त्यावर पोतं टाकलं, पोत्यावर बसली. आता तिला ऊठ कोण म्हणणार? नागेश गेला होता, तर तिनं त्याच्या पोरीचं स्थळ कुठवर आलं ते विचारलं. अर्धा तास बोलत बसला तिच्याजवळ, तसाच परत गेला.

ओरडू नको. तू स्पीकरवर आहेस… नाही रे, मुद्दाम नाही. फोन हातात धरता येत नाही मला. बुद्धाच्या मांडीवर ठेवलाय. माझे दोन्ही हात अडकलेत… कशात ते सांगते, आधी ऐक ना.

हो, सगळे ऐकायलेत. लक्ष्मीबाई आहे, मनिषा आहे, आई आहे, बन्सीधरमामा आहे. ऐकू दे. तुझा मेसेज कुणालाच कळला नव्हता, निदान फोन तरी कळंल.

ग्रुपवर काय टाकलं होतंस? रिनोव्हेशन ऑफ विहार. अख्खा मेसेज इंग्रजीत… हो, सगळ्यांनी हात जोडले. जोडणारच, साहेबाचा मेसेज. लक्ष्मीबाईला वाटलं फरशी बसणार. मनिषाला वाटलं रंग. मी इंग्रजीची बाई, मलासुद्धा रंगच वाटला. रिनोव्हेट म्हणजे आहे तेच नवं करणं, दुसरं काय? आणि काल नागेश मला फोन करून विचारतो, ताई, जुनी अख्खी निघती का फोडावी लागती.

फोडावी लागती, दादा. खांद्याला अडती ती दारात. कुठूनच निघत नाही… तुला माहीत होतं?

… माहीत होतं तुला.

बरं झालं बोललास. आता सगळ्यांना माहीत झालं.

विसर्जन? विसर्जन म्हणलं की झालं का? तुकडे करून, पोत्यात भरून, गोदावरीच्या पुलावरून खाली. तेच ना? मग तसं लिहायचं होतं.

काय म्हणालास?

परत म्हण. जरा मोठ्यानं म्हण, आईला कमी ऐकू येतं.

… खंडित.

खंडित मूर्ती ठेवू नये. कुठं लिहिलंय हे? आपल्या कुठल्या ग्रंथात? आजोबा छप्पन्न साली पायी, रेल्वेनं, कसे कसे नागपूरला गेले, ते हे घेऊन यायला? अरे, आपण पूजा करतो का, की खंडित झाली म्हणून बाटली? वंदन करतो आपण. ज्याला वंदन करतो तो काही त्या सिमेंटात बसलेला नाही, हे तूच सांगायचास भाषणात, माईक हातात आला की… हो, भाषणात. धम्मचक्र दिनाला. मी खाली बसलेली होते.

आणि सांगू का, बन्सीधरमामा हिंदू माणूस. काल त्याला बोलवायला गेले तर आधी तोच म्हणाला, बाई, खंडितला हात लावू का नको. मी म्हणाले, मामा, ते तुमच्यात, आमच्यात नसतं. तर म्हणाला, मग काय, हात तर हात, बसवू. झालं. त्याला एका वाक्यात पटलं. आता तुझं ऐकून त्याला काय वाटायलं असंल… बघ, तंबाखू मळायचा थांबला तो.

अजिंठ्याला नेलं होतंस ना तू वहिनीला? तिथं किती बुद्धांना नाक आहे? किती जणांना हात? जपानी माणसं तिथं येऊन डोळे मिटून बसतात. कुणी सरकारला म्हणालं का, खंडित आहेत, नदीत टाका?

… ते जुनं आहे म्हणून. आणि हे?

हे बाबांच्या हातचं आहे म्हणून.

 

… नाही, मी चिडलेले नाही. हात दुखायलेत माझे, म्हणून आवाज चढलाय… सांगते. ऐक.

मूर्तीचा हात तुटला तो कोपरापासून. जयंतीला डीजेचा बॉक्स पडला त्याच्यावर. तो डीजे कुणी पाठवला होता, मी काढत नाही ते… हो, तूच. पण मी काढत नाही. कोपर ते मनगट चुरा झाला. आतून काय निघालं माहितीय? सायकलच्या चाकाच्या तारा. बाबांनी त्याच घातल्या होत्या. गंजून नुसता भुगा. तळहात तेवढा वाचला. आईनं तो लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ज्वारीच्या कोठीत ठेवला होता, आजवर. कुणाला बोलली नाही.

आज काढून दिला.

तर आता बन्सीधरमामानं सळई बसवलीय, सळईला तळहात अडकवलाय, आणि माल भरायलाय भोवतीनं. माल धरंपर्यंत तळहात हलला नाही पाहिजे. तो मी धरलाय. दोन्ही हातांनी. म्हणून फोन मांडीवर.

आलं लक्षात?

मग तुला जे बोलायचंय ते बोल, मला कुठं जाता येत नाही, आणि तुला इथं येता येत नाही.

… काय प्रॅक्टिकल?

हो, फोन बदलते मी. गेल्या वर्षीच बदलला. फोन बाबांनी केला नव्हता.

तूच शिकवलंस मला हे शब्द. विसरलास? मी पाचवीत होते, तू परभणीला होस्टेलवर. सुट्टीत आलास की ओट्यावर बसवायचास. री म्हणजे पुन्हा. रिपेअर, रिन्यू, रिस्टोअर, रिप्लेस. चुकलं की टपली… आता मी नववीच्या पोरांना तेच शिकवायले. परवा म्हणलं, एकेक वाक्य करून आणा. रिन्यूला सगळ्यांनी रिचार्ज आणि एसटीचा पास. रिस्टोअर एकालाच जमलं. वादळानंतर गावाची लाइट रिस्टोअर झाली. किती नीट लिहिलं बघ पोरानं. गेलेली लाइट, त्याच घरात, त्याच बल्बात परत.

आणि एक पोरगी आहे, अपेक्षा नावाची. तिनं रिप्लेसचं वाक्य लिहिलं. माय फादर रिप्लेस्ड माय मदर.

… हसू नको. मी पण हसले होते. मग वर पाहिलं तर ती हसत नव्हती. खरंच आणलीय दुसरी बापानं. शब्द अगदी बरोबर वापरला होता तिनं. मी बरोबरची खूण केली आणि पुढची वही ओढली. काय करणार.

तेव्हापासून डोक्यात आहे माझ्या. री म्हणजे पुन्हा, तर मग रिप्लेसमध्ये पुन्हा काय होतं? जागा पुन्हा भरती. बस. जो होता तो काही पुन्हा येत नाही.

… मी मास्तरीण आहे, तर मास्तरणीसारखीच बोलणार. तू साहेबासारखा बोलायलासच की.

अरे, लक्ष्मीबाई दर आठवड्याला घर सारवती, ते काय आहे? रिन्यू. तिला शब्द माहीत नाही एवढंच. ती कधी म्हणाली का, जमीन उखडली, आता दुसरी आणा?

… हो, हो, मला दिसायलंय तुझी मूर्ती कशी आहे ते. ताडपत्री वर करून पाहिली सकाळी. सुंदर आहे. खोटं कामून बोलू? पांढरीशुभ्र, डोळे अर्धे मिटलेले, बोटं कशी काकडीसारखी लांब. खर्च केलास, मनापासून केलास, मला कळतं ते.

आमच्याचा एक कान लांब आहे. कबूल. खांदे हमालासारखे आहेत, कबूल. बोटं जाड आहेत, गवंड्याची. बाबांनी दुसऱ्या कुणाची बोटं पाहिली होती एवढ्या जवळून? चेहरा तुला आवडत नाही. दिवसभराचं काम उरकून बसलेल्या माणसाचा चेहरा आहे तो. मला तर त्याच्यासमोर बसलं की बरं वाटतं. तुझ्या मूर्तीसमोर काय, पाहुण्यासमोर बसल्यासारखं वाटंल.

हां. आलास मुद्द्यावर.

पाहुणे.

पौर्णिमेला नवी मूर्ती बसवायला कोण कोण येणार आहेत पुण्याहून? तुझे साहेब लोक. आणि त्यांना हा लांब कानाचा दाखवायची लाज वाटायली तुला.

… वाटत नाही? मग बरं.

नाही, मी तुझा अपमान नाही करायले. तूच ऐक तुझं तुला, स्पीकरवर आहेस… आई काय म्हणायलीय? मोठ्यानं बोल आई… म्हणायलीय, त्येला जेवलास का इचार.

जेवलास का?

… जेवला नाही म्हणतो आई.

आता दुसरं ऐक. मूर्तीबरोबर पाटी पाठवलीयस ना संगमरवराची? पाहिली मी. कालकथित सिताराम यांच्या स्मरणार्थ, खाली तुझं नाव, हुद्द्यासकट. दादा, खरं सांग. पाटी लिहून घेताना एकदा तरी मनात आलं का? बापाच्या नावाची पाटी लावायला बापाच्या हातचं काम घणानं फोडायचं. नागेशला कळलं ते, टेम्पोवाल्याला. तो म्हणाला, ताई, ह्या दोन वस्तू एका खेपेत न्यायला मला कसंतरीच वाटायलं. घण आणि पाटी.

… हॅलो?



 

थांब जरा, मामा काय म्हणायलेत… हां. हां… मामा म्हणतात माल भरत आणला, पण हात बरोबर नाही वाटत. खाली वाटतो. का वर वाटतो. तळहात किती वर होता हे कुणालाच नक्की आठवंना. फोटो? पाहिले की सगळे. प्रत्येक फोटोत हार. हाराखाली हात झाकलेला. रोज पाहायचो आपण आणि कुणी पाहिलंच नव्हतं.

घाईनं सांगा म्हणतात मामा, माल धरायलाय. एकदा धरला की झालं.

आई म्हणायलीय… काय? परत बोल… सिद्धूला इचार. त्येलाच उभं केलं व्हतं.

काय?

दादा, तू उभा होतास?

मला नाही माहीत. मला कोण सांगणार? मी कुठं होते तेव्हा, झोळीत… आई म्हणायलीय, तू शाळेतून आल्या आल्या बाबा तुला उभं करायचे, हात वर करून, आणि बघून बघून माल लावायचे. आणि तू रडायचास हात दुखतो म्हणून.

म्हणजे हा हात तुझा?

… बोल की. किती वर होता? खांद्याला का कानाला? दादा, भांडण नंतर कर, मी कुठं पळायले नाही. आता एवढं सांग.

… हॅलो?

फोन ठेवला का ह्यानं… न्हाई मामा, चालू दिसतोय… थांबा जरा, थापी लावू नका…

हॅलो? कोण? वहिनी? जयभीम वहिनी. तो कुठं गेला? … फोन तुमच्या हातात देऊन? कुठं?

बाल्कनीत.

काय करायलाय बाल्कनीत?

… हात वर करून उभाय?

हसू नका वहिनी, तो ऐकंल… शेजारचे बघायलेत? बघू द्या. वहिनी, माझं एक काम करा, पटकन. नीट बघा आणि सांगा मला. उजवाच आहे ना? हां. तळहात बाहेरच्या बाजूला? बरोबर. कुठवर आहे? … खांद्याच्या वर. कानाच्या खाली. म्हणजे हनुवटीला? हनुवटीच्या जरा खाली. मामा, हनुवटीच्या खाली, बोटभर… वहिनी, कोपर? अंगाला चिकटून का सुटं? … चिकटून. मामा, कोपर चिकटून घ्या, आपलं सुटलंय… हां. हां. असं. आणि बोटं? … जराशी पुढं झुकलेली. थकल्यासारखी?

थकल्यासारखीच. लहान पोराचा हात, तो थकणारच.

धरा मामा, धरा. मी हलत नाही. भरा तुमी.

… बसला. मामा मान हलवायलेत. म्हणायलेत, हे बराबर, हे मालकाचं. बाबांनाच मालक म्हणतात ते.

वहिनी, त्याला खाली करायला सांगा आता हात. नाही, थांबा. राहू द्या थोडा वेळ. मी पण धरूनच आहे.

… हां, आई बरी आहे. घणावर आहे अजून. गोळ्या घेतल्या तिनं. तुमी कधी यायलात? … या. त्याला नसंल यायचं तर तुमी एकट्या या, परभणीला उतरा, मी येते घ्यायला.

द्या त्याच्याकडं.

दादा.

… नाही, मी काही म्हणत नाही. तू हात दाखवलास म्हणजे तुझं सगळं पटलं असंही मी समजत नाही, आणि माझं तुला पटलं असंही नाही. पण मूर्ती हलणार नाही. हे मी आज सांगते, पौर्णिमेला तुझ्या साहेबांसमोर सांगते, पाहिजे तर इंग्रजीत सांगते. घण नागेशला परत मिळंल, तो गाव सोडून निघाला की.

कमिटी? कमिटीला विचार. नाही, नको विचारू, मीच विचारते, मराठीत. सरळ. फोडायची का ठेवायची, हात वर करा. बघू किती जण हात वर करतात.

आणि तुझी मूर्ती कुठं जाणार म्हणून काळजी करू नको. अभ्यासिकेत भिंत रिकामी आहे. पोरं पोलिस भरतीचा अभ्यास करत बसतात तिथं, त्यांच्यासमोर बसंल. तोही बुद्धच आहे, त्याच्याशी कुणाचं भांडण? त्याला जागा करून देऊ. कुणाची जागा काढून घेऊन नाही, एवढंच.

… दोन कशाला? अरे, दोन झाले तर कुणाला जड झाले?

ऐक ना. पाटी मात्र लाव. इथंच लाव, ह्याच्याच पायाशी. नाव बाबांचं राहू दे. तुझं काढलंस तरी चालंल, ठेवलंस तरी चालंल. फक्त ते स्मरणार्थ आहे ना, ते घासून काढ आणि तिथं लिही, यांनी घडवली. सिताराम यांनी घडवली. एवढं एक रिप्लेस कर. ह्याला माझी ना नाही.

… संगमरवर घासता येत नाही? मग उलटी कर पाटी, मागच्या बाजूनं कोर. मागची बाजू कोरीच आहे, पाहिलंय मी.

… बरं. विचार कर. पौर्णिमेला अजून दिवस आहेत.

चीफ गेस्ट म्हणून आलास तर पुढं खुर्ची आहे. पोरगा म्हणून आलास तर सतरंजीवर आईजवळ जागा आहे. तुझं तू ठरव.

… रडायलास का? … नाही तर नाही. मी म्हणलं नाही काही.

हां, हातालाच मुंग्या आल्या म्हणतो. मला पण आल्यात.

मामा, सोडू का? … अजून नाही म्हणतात. अजून थोडं… दादा, बोलू नको हवं तर, पण ठेवू नको. असाच राहा… आई, तो फोन सरकायलाय बघ मांडीवरून, जरा… न्हाई, न्हाई, तू उठू नको. तू बस. मनिषा, तू धर गं… कडेला बोट लागू देऊ नको, कट हुईल…

हॅलो?

… दादा?

… लागलंच ना बोट. राहू दे. करंल तो परत. माझे हात मोकळे नाहीत.

मूर्ती बसवली त्या वर्षी विहाराला भिंती नव्हत्या; भिंती आणि दार तिच्याभोवती नंतर आले.